मागच्या उजव्या पायाचा नाल

मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी
धंतोलीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये
आम्ही एकवीस जण, दोन कूलर
आणि पडद्यावर त्यांचं वाळवंट.

मी चार पानी टिपण वाटलं होतं.
दार म्हणजे घर, नायकाला न परवडणारं.
पांढरी टोपी, काळी टोपी: ते तर शेंबडं पोरही सांगेल.
गावातली दगडी डोण, दर दृश्यात कोरडी ठाक,
ही देव गाव सोडून गेल्याची खूण.
या वाक्यावर मी दोन दिवस खूश होते.

बाहेर नागपूर होतंच.
भर दुपारचा ओस रस्ता, अर्ध्यावर ओढलेली शटरं,
एक पॉलिथिनची पिशवी
या फुटपाथवरून त्या फुटपाथवर लोळत,
आणि स्कुटीवर डोळ्यांपुरत्या उघड्या पोरी,
तोंडाला स्टोल गच्च बांधून,
जणू आत्ताच बँक लुटून निघाल्या आहेत.
त्यांचा अर्थ आम्ही कोणी लावला नाही.
ऊन लागतं म्हणून बांधतात,
एवढं ठाऊक होतं आम्हाला.

कूलरमध्ये पाणी ओतायला लांजेवार यायचे.
शाळेचे चौकीदार. दर अर्ध्या तासानं एक बादली,
मग पाच मिनिटं दाराच्या चौकटीतच उभे,
मागून झळा,
पुढे खुर्च्यांपर्यंत आलेली त्यांची सावली.
"अहो, दार लावा," कोणीतरी म्हणायचं.

शेवटी सूर्य मावळला. नायक पाठमोरा झाला.
घोडा, धूळ, आणि एक युग संपलं.
(टिपण, पान चार.)
दिवे लागले. वझलवार सर म्हणाले,
घोडा ही स्वातंत्र्याची प्रतिमा.
मागून कोणी म्हणालं, छे, वासनेची.
विम्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी
सबंध अमेरिकेचं पाप काढलं.

लांजेवारांनी बादली खाली ठेवली.
"म्याडम, घोडा लंगडून रायला ना."

दोघं-तिघं हसले.

"मांगच्या उजव्या पायाचा नाल ढिल्ला हाये.
नदी उतरला तवापासून. खडकावर आला का आवाज बदलते.
दोन कोस बी नाही जात आता तो.
अन् मी मंगापासून पाहून रायलो,
डोन हाये, घोडा हाये,
पन पानी कोनंच नाही पाजलं त्याले.
मानूस तीनदा दारू पेला."

मग कळलं, तरुणपणी ते बर्डीला
टांगा स्टँडच्या कडेला बसून नाल ठोकत.
"टांगे गेले, मंग इकडं आलो," म्हणाले,
आणि बादली उचलून नळाकडे गेले.
युग वगैरे काही बोलले नाहीत.

रात्री घरी मी शेवट पुन्हा लावला,
संगीताखाली कान घालून.
टक, टक, टक, खट्.
टक, टक, टक, खट्.
सतरा वेळा पाहिलेला सिनेमा.
चौथा पाय दर वेळी उशिरा पडत होता
आणि वर व्हायोलिनं वाजत होती.

उठून टिपण उघडलं, पान पाच.
"सैल नाल म्हणजे," असं लिहिलं,
पुढे "पुरुषार्थाच्या मुळाशीच असलेली"
इथवर गेले.
मग पुसलं.
सवय वाईट.

परवा झिरो माइलपाशी गाडी थांबवली.
चार घोडे, वर्षानुवर्षं उधळलेले,
जागच्या जागी.
वाकून खूर पाहायला गेले,
रस्त्यावरचे दोघं माझ्याकडे पाहू लागले.
नाल आहे की नाही, अंधारात कळेना.
चौथऱ्याच्या कडेला मात्र कोणीतरी
आइस्क्रीमच्या डब्यात पाणी भरून ठेवलं होतं,
वर एक काडी, बुडू नये म्हणून.

पाखरांसाठी असणार.
मे महिना आहे.